शेट चालले आणि घोडा फुगला

तालमीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाकडं लोक येतात ते कुस्त्या ऐकायला. कोणी कोणाला कुठल्या डावावर अस्मान दाखवलं, कोण किती दूध प्यायचा, कोणाचा कान कसा फुटला. असल्या गोष्टी माझ्याकडं पोत्यानं आहेत, पण या दिवाळीला त्या सांगणार नाही. पैलवान होणारी पोरं जात्याच पैलवान असतात. माझ्या जागी दुसरा वस्ताद असता तरी ती तयार झालीच असती. माझा घाम काढला तो ज्यांना कुस्ती खेळायचीच नव्हती अशांनी. शरीर जरा बरं चालावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड निघालं.

आमची तालीम सोलापुरात भवानी पेठेत होती. आत लाल मातीचा हौदा, त्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती आम्ही लोण्यासारखी मऊ ठेवायचो. भिंतीला टेकून करेला नि मुद्गल, खांद्यावरून फिरवायचे जड लाकडी सोटे, उभे. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की जोर-बैठका सुरू. नव्या माणसाला मी एकच प्रश्न विचारायचो, "अंग वाढवायचंय का उतरवायचंय?" तिसरं कोणी यायचंच नाही, असं मला वाटायचं.

पण यायचे. एक नवरदेव आला होता. लग्न तोंडावर आलेलं आणि त्याला फोटोपुरती छाती पाहिजे होती. मी नको नको म्हणत असताना त्यानं इतके जोर काढले की लग्नाच्या दिवशी त्याचे दोन्ही हात खांद्यापासून वर उचलेनात. अंतरपाट दूर झाला, नवरी हार घेऊन तयार, आणि हा हार धरून कमरेपाशीच उभा. शेवटी मामानं मागून येऊन त्याचे दोन्ही हात कळसूत्री बाहुलीसारखे उचलले आणि हार घातला. फोटो त्याच क्षणी निघाला. फोटोत छाती दिसत नाही, मामा दिसतात.

दुसरा एक गिरणी कामगार. दिवसभर मागावर उभा राहून संध्याकाळी यायचा आणि म्हणायचा, "वस्ताद, मला मेहनत सांगा." मी म्हटलं, "तुझी मेहनत झाली बाबा. घरी जा, भाकरी खा आणि झोप." त्याला वाटलं मी त्याला हलका समजतो. रुसून दुसऱ्या तालमीत गेला.

अंग उतरवायची माझी रीत तेव्हा साधी होती. जाड्या माणसाला घोंगडी पांघरायची आणि पळवायचं. घाम निथळला की मी म्हणायचो, चरबी वितळली. माझ्या वस्तादांनी मला हेच शिकवलेलं. आमच्या पेठेतल्या डॉक्टरांनी हा प्रकार एकदा पाहिला. मुंबईला शिकून आलेला मोठा मिश्किल माणूस. ते म्हणाले, "वस्ताद, घामानं चरबी जात असती तर चैत्र-वैशाखात सोलापुरात एक तरी जाडा माणूस शिल्लक राहिला असता का?"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. शरीर म्हणजे गिरणीचा बॉयलर. अन्न हा कोळसा. त्या कोळशात जी आच असते, ती मापायच्या मापाला क्यालरी म्हणतात. माणूस नुसता पडून राहिला तरी बॉयलर थोडा जळतच असतो, कारण छाती हलते, रक्त फिरतं, अंग गरम राहतं. हातपाय चालवले की यंत्रं सुरू होतात आणि कोळसा जास्त लागतो. घाम येतो तो बॉयलर तापला म्हणून अंग गार करायला. ते नुसतं पाणी, तांब्याभर प्यायलं की परत भरतं.

"आणि कोळसा जास्त घातला, गिरणी बंद ठेवली तर?" मी विचारलं.

"गिरणीत उरलेला कोळसा आवारात रचतात. माणसात तो पोटावर रचला जातो."

आणि एक पोळी जाळायला माणसाला किती चालावं लागतं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा मी बसल्या जागी माझ्याच रोजच्या पोळ्या मोजल्या. मी घोंगड्या वाळत घातल्या, त्या पुन्हा काही काढल्या नाहीत.

याच डॉक्टरांनी माझ्याकडं चनबसप्पा शेटना धाडलं.

चनबसप्पा शेट सुताचे व्यापारी. मूळचे मंद्रूपचे, पोरपणीच सोलापुरात येऊन नशीब काढलेले. माणूस सोन्यासारखा, पण आकार असा की दुकानाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबून गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं करायचे, म्हणजे दम खाता यायचा. त्यांचा घरचा टांगा होता. टांग्यात मागच्या बाजूला ते बसले की दांडे वर जायचे आणि घोडा हवेत लटकायला लागायचा. म्हणून ते टांगेवाल्याशेजारी पुढं बसायचे, आणि टांगेवाला हुसेनमियाँ अर्धा बाहेर लोंबकळत टांगा हाकायचा.

डॉक्टरांनी शेटना स्पष्ट सांगितलं होतं, "लघवीत साखर आहे, काळजावर ताण आहे. अंग हलवा, नाहीतर मला पुन्हा बोलवू नका." शेट घाबरले होते. पण घाबरलेला व्यापारीसुद्धा व्यापारीच. पहिल्या दिवशी ते आले ते एका दणकट हमालाला बरोबर घेऊन.

"वस्ताद, माझं एक ऐका की," शेट म्हणाले. "ह्यो मल्लू. आमच्या दुकानात गाठी उचलतो. माझ्या नावानं ह्यो जोर मारंल. तुमी म्हणाल तेवढं."

"आणि तुम्ही?"

"मी हितं बसून बघतो की. आता बघा, घरी अभिषेक करतात स्वामी, पुण्य लागतं आमाला. लागतं का न्हाय?"

मी म्हटलं, "लागतं. मग उद्यापासून तुमच्या वाटणीचं जेवण पण मल्लूलाच जेवू द्या."

मल्लूचा चेहरा उजळला. शेटचा पडला. मल्लूला परत पाठवण्यात आलं.

जोर-बैठका शेटना झेपणाऱ्या नव्हत्या. खाली बसले की उठवायला दोन पैलवान लागत. म्हणून मी त्यांना चालायला लावायचं ठरवलं. सकाळी घरापासून सिद्धेश्वरच्या तळ्यापर्यंत आणि परत, शिवाय दुकानाला जाणं-येणंही पायीच. शेट म्हणाले, वाटेत चक्कर आली तर? त्यावर तोडगा निघाला. टांगा रिकामा पुढं चालेल, शेट मागून चालतील, मी शेजारी. चक्कर आली की टांगा आहेच.

पेठेत ही मिरवणूक पहिल्यांदा निघाली त्या दिवशी माग थांबले म्हणतात. पुढं डुलत रिकामा टांगा, त्यावर हुसेनमियाँ, मागं फेटा बांधलेले, घामाघूम चनबसप्पा शेट. दोन दिवसांत बाजारात बातमी उठली की शेट बुडाले. टांगा विकायला काढलाय, नि जाईपर्यंत त्याचा मोह सुटत नाही म्हणून बिचारे त्याच्या मागं मागं फिरतात. एक म्हातारा तेलुगू विणकर दुकानात येऊन शेटचा हात हातात घेऊन किती तरी वेळ बसला आणि जाताना म्हणाला, "शेट, देव हाय." शेटना काही कळेना. एक जण तर हुसेनमियाँला घोड्याचे दात बघू का म्हणाला.

शेटनी लोकांकडं लक्ष दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. त्यांचा उत्साहच बघण्यासारखा होता. टांग्याच्या मागच्या फळीला हात लावून ते अगदी चिकटून चालायचे. मी म्हणायचो, "शेट, जरा मागं राहा, ठेच लागंल." पण नाही. टांगा जरा पुढं गेला की हे लगबगीनं गाठायचे. मी डॉक्टरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, असा शिष्य मला मिळाला नव्हता.

फक्त एक घोटाळा होता. शेटच्या दुकानात सुताच्या गाठी तोलायचा मोठा काटा होता. त्यावर मी दर सोमवारी शेटना उभं करायचो. वजन हलेना. उलट एका सोमवारी काटा जरासा वरच गेला.

"मी चालतोय की वस्ताद. तुमी बघताय न्हवं?" शेट म्हणायचे. मी बघत होतोच. डॉक्टरही चक्रावले. "घरी जेवणात काय?" त्यांनी विचारलं. घरचं सगळं शेटची थोरली बहीण बघायची, गंगव्वा. सगळे तिला आक्का म्हणायचे. विधवा बाई, काठीसारखी सडसडीत, इरकली लुगडं, कपाळावर भस्म. ती म्हणाली, "डागतर, तुमी सांगितलं तेवढंच वाढती. भाकरी, पालेभाजी, ताक. शिवाची आण." आणि ती खोटं बोलत नव्हती. घरी ती तेवढंच वाढत होती.

तेवढ्यात हुसेनमियाँनं दुसरीच तक्रार आणली. "वस्ताद, घोडे कू क्या हुआ की. चलताच नै. पट्टा एक घर पीछे लेना पडा." मी घोड्याकडं पाहिलं. खरंच, घोड्याचं पोट दोन्ही बाजूंनी गाभण म्हशीसारखं फुगलेलं. मी हसून सोडून दिलं. माणसाच्या वजनाची चिंता करणाऱ्याला घोड्याच्या वजनाला वेळ नसतो.

मग तो दिवस आला. दसरा होऊन गेला होता, ऊन अजून कडक. तळ्यावरून परतताना किल्ल्याजवळच्या चढावर शेट एकदम थांबले. छातीवर हात ठेवला आणि रस्त्यातच खाली बसले. ओठ काळेनिळे. डोळे माझ्याकडं लागलेले. त्या क्षणी मला समजलं की मी माणसाच्या जिवाशी खेळतोय आणि मला काही म्हणजे काही कळत नाही.

हुसेनमियाँ खाली उडी मारून आला. आजूबाजूचे चार लोक धावले. शेटना टांग्यात आडवं करायचं म्हणून मागची गादी खसकन ओढली, तर खालच्या चाऱ्याच्या कप्प्यात फडक्यात बांधलेला पितळी डबा. तो उलटला आणि रस्त्यावर शेंगापोळ्या पसरल्या. दाण्याचं कूट नि गूळ भरलेल्या, तूप माखलेल्या, एकावर एक. काहींचे लचके तोडलेले.

शेट टांग्याला चिकटून का चालायचे, आणि मी कोणाशी बोलायला वळलो की घाम पुसायच्या निमित्तानं फेट्याचा शेमला तोंडाला का लावायचे, ते मला तेव्हा कळलं. हुसेनमियाँ जमिनीकडं बघत म्हणाला, "आक्का रोज रखते थे. मेरेकू कसम डाले थे."

रागवायला वेळ नव्हता. शेटना चढवलं, हुसेनमियाँनं लगाम झटकला. घोडा दहा पावलं गेला आणि थांबला. त्याच्या नाकपुड्या फुगल्या, तोंडाला फेस. कित्येक दिवसांत त्यानं रिकाम्या टांग्याशिवाय काही ओढलंच नव्हतं. आता चढ आणि त्यावर चनबसप्पा शेट! शेवटी आम्ही सगळ्यांनी मागून टांगा ढकलला. घोडा पुढं चालत होता तो केवळ टांगा मागून येतोय म्हणून.

असे आम्ही पेठेत पोचलो. कोणीतरी पुढं पळत जाऊन आक्काला सांगितलं असावं. ती अनवाणीच धावत रस्त्यात आली. "तम्मा! तम्मा!" तिच्या कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. टांगा थांबला. आत शेट घरघर श्वास घेत पडलेले. पुढं घोडा तशीच घरघर करत उभा. आक्कानं भावाकडं पाहिलं, मग आवाज ऐकून घोड्याकडं. काही वेळ तिला कळेना आवाज कोणाचा येतोय.

"ह्याला काय झालं?" तिनं हुसेनमियाँला विचारलं.

"कुछ नै आक्का. दाणा वोइच खाता, जितना पैले खाता था. काम नै."

घोड्याच्या सुटलेल्या पोटावर आक्कानं एकदा हात फिरवला आणि भावाजवळ जाऊन बसली.

डॉक्टर आले, सुई दिली. संध्याकाळपर्यंत शेटचा रंग परतला. डॉक्टर म्हणाले, काळजानं इशारा दिलाय, पुढच्या वेळी इशारा देणार नाही. आणि मग, शेट शुद्धीवर आलेले बघून, हा गृहस्थ तबेल्यात जाऊन घोड्याची नाडी बघून आला. बाहेर येऊन मला म्हणाला, "वस्ताद, तुमच्यामाझ्यापेक्षा ह्यानं चांगलं शिकवलं. कोळसा तेवढाच, काम बंद."

मी आक्काला चार शब्द सुनवायचे म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो होतो. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आतच ती बोलली.

"वस्ताद, मोठा दुष्काळ पडला तवा आई गेली. ह्यो माझ्या कमरंवर. मंद्रूपच्या हिरी आटल्या. मी पाला शिजवून घालायची. लोकांची पोरं भुकंनं रडायची, ह्यो रडायचा बी न्हाय. रडायला अंगात काय तर लागतं की. तवा मी सिद्धरामाला म्हटलं, देवा, ह्याला जगव. ह्याच्या पुढ्यातलं ताट मी कदी रिकामं ठिवणार न्हाय." शेंगा तिच्या हातातच राहिल्या. "त्यानं तर जगवला. आता मीच मारत हुते."

मी सुनवायला गेलो होतो, शेंगा फोडायला बसलो.

त्यानंतर जे झालं त्याची शेटनी स्वप्नातही कल्पना केली नव्हती. आक्कानं त्यांना स्वतःच्या ताब्यात घेतलं. रिकामा टांगा बंद झाला. हुसेनमियाँला तिनं स्टेशनावर भाडी मारायला धाडलं, घोड्यानं पुन्हा ओझं ओढलं तर तोही वाचेल म्हणून. आणि सकाळी भावाबरोबर चालायला ती स्वतः निघाली. आम्ही शहरातली माणसं चालतो ते दुकानं बघत. आक्का चालायची ती मंद्रूपहून पाणी आणायला निघाल्यासारखी. लुगड्याचा ओचा खोचलेला, मान ताठ, मागं वळून न बघता. शेट मागं हाका मारायचे, "आक्का, जरा हळू की!" ती म्हणायची, "बोलू नगं. दम जातो."

बाजारात नवी बातमी उठली की बहिणीनं शेटला घराबाहेर काढलं आणि रोज सकाळी गावाबाहेर घालवायला नेते. तो म्हातारा विणकर पुन्हा भेटायला आला.

शेट माझ्याकडं चोरून यायचे. "वस्ताद, तुमचं डागतर बरं, तुमी बरं. आक्काला काय तर सांगा. काल ताकात मीठ बी मोजून घातलं तिनं." मी हात जोडायचो. ती बाई माझ्या आवाक्यातली नव्हती. तिनं मला विचारून बैठकाही शिकून घेतल्या आणि खांबाला धरून भावाला घालायला लावल्या. त्या घालताना ती समोर बसून जप करायची आणि भाऊ थांबला की जप थांबवायची. अर्धवट जपाचं पाप कोणाला, या भीतीनं शेट पुन्हा सुरू करायचे.

काटा हलायला लागला. आधी कुरकुरत, मग बऱ्यापैकी. शेट दुकानाच्या पायऱ्या न थांबता चढायला लागले तेव्हा गिऱ्हाइकांनाच चुकल्यासारखं झालं, पूर्वी पायरीवर गप्पा व्हायच्या. झोप चांगली लागू लागली. साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं हे दिसतं, पण आत काळीज घट्ट झालं हे खरं. काळीज हाही मांसाचाच गोळा, त्यालाही मेहनत लागते. मला हे फार आवडलं. पैलवानाच्या दंडावर हात ठेवून मी पुष्कळांना शाबासकी दिली होती, काळजाला कोणी देत नाही.

पुढच्या वर्षीच्या येळामावस्येला शेटनी मला मंद्रूपला नेलं. आमच्या भागात या अमावस्येला सगळे शेतात जाऊन जेवतात, जोंधळा उभा असतो, पांडवांची पूजा होते. सीना नदीपर्यंत आम्ही टांग्यानं गेलो. तिथं शेट उतरले आणि म्हणाले, "हितनं पुढं चालत." उन्हं कोवळी, दोन्ही बाजूला कणसं आलेला जोंधळा. आक्का पुढं, शेट तिच्या बरोबरीनं. मीच मागं पडलो. वस्ताद म्हणवणारा मी, दोनदा दगडावर बसलो, आणि दोघं बहीण-भाऊ वळून माझ्याकडं बघत हसत उभे राहिले.

शेतात जोंधळ्याच्या पेंढ्यांच्या खोपीजवळ सगळे जेवायला बसले. पालेभाज्या नि दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली अंबील आणि शेंगापोळ्यांची चळत. आक्कानं माझ्याकडं बघितलं.

"वस्ताद, आज वाढू?"

मी म्हटलं, "आज लागंल तेवढं वाढा. चालून आलेत."

तिनं भावाला एक पोळी वाढली, वर तूप ओतलं. शेटनी खाल्ली. दुसरी वाढली. तीही खाल्ली. ती तिसरी घेऊन वाकली तेव्हा शेटनी ताटावर हात आडवा धरला.

"पुरं, आक्का."

ती तशीच वाकलेली राहिली. नीट ऐकू न आल्यासारखं तिनं विचारलं, "काय?"

"पोट भरलं. पुरं."

हा शब्द भावाच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. मला वाटलं ती आग्रह करील. पण ती सरळ झाली, हातातल्या पोळीकडं बघत उभी राहिली, आता हिचं काय करायचं हे तिला सुचेना. आणि मग, एरवी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणाऱ्या आक्कानं, जेवणाऱ्या माणसांच्या देखत, बांधावर बसून ती पोळी खायला सुरुवात केली. सावकाश, कडेपर्यंत. तूप मनगटावर ओघळलं ते पुसलं. पोळी संपली तेव्हा तिनं हात पुढं केला आणि भावाला म्हणाली, "आनकी एक दे की रे."